चिमीवरचा काढा

ऋजुता आमच्याकडे राहायला आली त्या हिवाळ्यात माझं स्वयंपाकघर चिनी औषधांच्या वासाने भरून गेलं होतं. ओल्या मुळ्या, करपलेला गूळ आणि बरेच दिवस न उघडलेलं कपाट यांचा मिळून व्हावा तसा तो वास. पडदे धुतले, भिंती पुसल्या, तरी तो गेला नाही. आता मलाही तो जायला नको आहे.

हे गेल्यानंतर बर्मिंगहॅममधलं आमचं मोझ्लीचं घर मला मोठं व्हायला लागलं होतं. जयंत ब्रॅकनेलला, आयटीत. फोनवर दर आठवड्याला एकच: "आई, तू आमच्याकडे ये ना. एवढी मोठी घर कशाला पाहिजे तुला?" त्याचा जन्म इथला. त्याच्या मराठीत घराला कधी स्त्री व्हावं लागतं, कधी पुरुष. मी काही गेले नाही. वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ऋजुताची गाठ घालून दिली.

मुलगी पुण्याची. विषाणूंवर पीएच.डी. करून इथे एका प्रयोगशाळेत कराराने कामाला आलेली. कुठली प्रयोगशाळा ते तिने सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ह्यांनी त्याच इमारतीत विषाणूंवर काम करत आयुष्य काढलं होतं. पहिल्या दिवशी मी तिला वाटेतली दुकानं, बसथांबा, मागच्या दाराचा आखूड रस्ता, सगळं सांगितलं. मी स्वतः त्या इमारतीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. रस्ता मात्र पाठ होता.

ते दोन हजार चार साल. आदल्या वर्षी सार्सची साथ येऊन गेली होती. हाँगकाँगकडच्या डॉक्टरांनी आपल्या औषधांबरोबर रोग्यांना जडीबुटीचे काढेही दिले होते म्हणे. त्यामुळे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना एकदम त्या काढ्यांमध्ये रस वाटू लागला होता. त्यात खरं किती, खोटं किती, हे तपासायचं. ऋजुताच्या प्रोफेसरांनी त्यासाठी इथला, रोजचा विषाणू निवडला.

"सार्स नाही काकू, घाबरू नका," पोळीला तूप लावत ती म्हणाली. "हा दर विंटरला येतो. आपल्याला झाला तर नुसतं नाक गळतं. पण तान्ह्या बाळांच्या छातीत उतरतो. श्वास लागतो बिचाऱ्यांना."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि आमटी गरम करायला उठले.

काढा माझ्या स्वयंपाकघरात आला त्याला कारण इंग्रजी कायदा. प्रोफेसरांचं म्हणणं, लोक जसा उकळून पितात तसाच काढा तपासायचा. ऋजुताने लॅबच्या शेगडीवर पातेलं चढवलं, वाफेने फायर अलार्म वाजला आणि अख्खी इमारत बाहेर कारपार्कात येऊन पावसात कुडकुडली. आगीचे दोन बंब आले. सुरक्षा अधिकाऱ्याने पातेल्याकडे बॉम्बकडे बघावं तसं बघितलं.

"तुमच्याकडे उकळू का काकू? लॅबमध्ये नेऊन मी तो बारीक फिल्टरमधून गाळते, मग चालतो. प्लीज. मला तर चहासुद्धा धड येत नाही."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं. "तू पुड्या आण. काढा मी करते. आमच्या घरात आई सगळ्यांना काढे द्यायची. अष्टमांश. आठ भांडी पाणी घालायचं, एक भांडं उरवायचं."

अशी मी विज्ञानाच्या कामाला लागले. कागदी पुडीतून काष्ठाच्या चकत्या, पिवळ्या मुळ्या, वाळलेल्या कळ्या पातेल्यात टाकायच्या आणि उघड्यावर रटरटू द्यायचं. ऋजुता काळा काढा बाटलीत भरून न्यायची आणि संध्याकाळी जेवताना बातम्या सांगायची. मला समजेल असं ती सांगे. प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, दुधावर साय धरते तसा त्यांचा थर धरतो. त्यावर विषाणू सोडायचा. तो त्या सायीला भोकं पाडतो. मग जांभळा रंग ओतायचा. पेशी जिवंत असतील तिथे जांभळं, मेल्या असतील तिथे पांढरं भोक. काढा लागू पडला तर भोकं कमी.

"आणि पडतोय, काकू! प्लेटमध्ये तरी पडतोय. बाळाच्या पोटात गेल्यावर काय होईल ते देवाला ठाऊक. पण भोकं निम्म्याहून कमी. एक सोडून सगळ्यांची."

"एक म्हणजे?"

"अहो, आमच्याकडे ह्याच विषाणूचे बरेच नमुने आहेत. नवे, जुने. पूर्वी ज्या पेशंटकडून घेतला त्याच्या नावाने नमुना ओळखायची पद्धत होती. तर त्यातला एक जाम खट आहे. त्याच्यावर काही चालत नाही. आणि नाव काय असेल त्याचं, सांगा?" ती आधीच हसायला लागली होती. "चिमी! बर्मिंगहॅमच्या फ्रीझरमध्ये चिमी! आमच्या शेजारच्या सोमणांच्या मांजरीचं नाव. सगळे गोरे आपले 'चिम्मी, चिम्मी' करतात. मी म्हटलं, आपल्याकडचं दिसतंय हे कार्टं."

मी ताट उचललं. नळ सोडला. पाण्याचा आवाज होत होता तोवर मला तिच्याकडे वळून बघावं लागलं नाही.

*

आमच्या पहिल्या मुलीला नाव नव्हतं. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ह्यांची एकुलती एक बहीण आशा नागपूरला. तिचा पासपोर्ट येईना. ह्यांनी हट्ट धरला, आशा आल्याशिवाय बारसं नाही. रजिस्ट्रारकडे जाऊन नुसती 'मुलगी' म्हणून नोंद केली, नाव मागाहून देतो म्हणाले. इथे तशी सोय असते. तोवर म्हणायचं काय? इवलीशी होती, म्हणून चिमी. हाक मारायला तेवढं पुरत होतं.

तो बहात्तर सालचा फेब्रुवारी होता. खाणकामगारांचा संप चालू होता, वीज पाळीपाळीने जायची. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत रॉकेलची शेगडी. दुपार सरताच अंधार पडायचा आणि त्या अंधारात मला चिमीचा श्वास ऐकू यायचा. आधी शिंका, मग खोकला, मग प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मेणबत्ती जवळ नेऊन मी तो बघितला आणि ह्यांना हाक मारली.

हॉस्पिटलात ह्यांनी स्वतः तिच्या नाकात बारीक नळी घालून नमुना घेतला. मला राग आला होता. एवढंसं नाक, त्यात आणखी कशाला नळी. नमुन्याचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नाही. दोन महिन्यांचीही झाली नव्हती. इतक्या लहान मुलांना आपल्यात अग्नी देत नाहीत. जमीन गोठलेली होती, खणणारे दोघं आयरिश होते, आणि त्यातल्या एकाने आपली टोपी काढून हातात धरली होती.

त्यानंतर ह्यांनी तिचं नाव काढलं नाही. मीही नाही. आशा उन्हाळ्यात आली, तिच्याही ओठांवर नाव आलं नाही. दोन वर्षांनी जयंत झाला. त्याला आम्ही कधी सांगितलं नाही की तो दुसरा. ह्यांनी पुढे रविवारीही लॅबमध्ये जायचा नेम धरला. पेशींना खायला घालायचं असतं म्हणायचे. मला वाटे, माझं तोंड बघायला नको म्हणून जातात. किती वर्षं मी तसंच समजत होते. त्यावरून भांडणसुद्धा केलं नाही, इतकी मला खात्री होती.

आणि आता ही पोरगी माझ्या टेबलाशी बसून हसत सांगत होती की चिमी जिवंत आहे.

*

ऋजुताला मी काही बोलले नाही. मात्र विचारायला लागले.

"आज काय म्हणते तुझी चिमी?"

"माजलीये नुसती! सगळी प्लेट फस्त."

कधी म्हणायची, "आज जरा मलूल होती," कधी, "तिच्या वाटच्या पेशी संपल्या, उद्या नव्या देते." मी भाजी वाढत ऐकायची. कामावरून परतलेल्या माणसाने पाळणाघरातून मुलीची खबर आणावी, तशी ती मला खबर आणत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. फस्त केली म्हटलं की मला बरं वाटे. मग रात्री त्या बरं वाटण्याचीच भीती वाटे. ज्याने तिचा श्वास बंद केला तो हा. पण तिच्या नाकातून, तिच्या उबेतून निघालेलं जगात आता एवढंच आहे. दोन्ही गोष्टी मनात एकदम मावत नसत. मी एक आत घेतली की दुसरी दारात उभी.

घरात मला ती जाणवायला लागली. चिमी नव्हे, तिचा श्वास. रेडिएटर गरम होताना बारीक शिट्टी मारतो, ती. किटलीची. दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची. मी रेडिएटरचे नळ घट्ट केले. प्लंबर सतीश कोहलीला बोलावलं, तो म्हणाला, "आंटी, काही आवाज नाही येत," आणि चहा पिऊन गेला.

जानेवारीत ऋजुताने सांगितलं, इस्टरपूर्वी त्यांची लॅब नव्या इमारतीत जाणार. तिथे जागा कमी. मोठा जुना फ्रीझर रिकामा करायचा आणि ज्या नमुन्यांचा पुढे उपयोग आहे तेवढेच न्यायचे. बाकीचे नष्ट.

"नष्ट म्हणजे?"

"ऑटोक्लेव्ह. आपला कुकर असतो ना, तसा खोलीएवढा कुकर. काही उरत नाही." माझा चेहरा बघून ती म्हणाली, "आपल्या चिमीची सीट पक्की आहे हो! काढ्याला दाद न देणारी ती एकटी. का देत नाही ते शोधायला लागेल ना. जे इतरांसारखे असतील त्यांना कोण नेतंय?"

त्या रात्री मी खूप दिवसांनी शिरा केला. ऋजुताने विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, रवा जुना होत आला होता.

*

फेब्रुवारीत पुड्या संपल्या. शनिवारी ऋजुताबरोबर मीही हर्स्ट स्ट्रीटवरच्या चिनी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारीण साठीची, बोलणं अस्सल बर्मिंगहॅमचं. लाकडी खणांतून मुळ्या काढून तोलता तोलता तिने सहज विचारलं, कोण आजारी आहे? ऋजुताने प्रयोगाचं सांगितलं. बाई खूश झाली.

"आणि उकळता कसं?"

मी मोठ्या अभिमानाने अष्टमांश समजावला. बाईचा हात तराजूवरच थांबला.

"झाकण न ठेवता?"

"झाकण ठेवलं तर आटणार कसं?"

"आटवायचं कुणी सांगितलं? अगोदर भिजत घालायचं. घट्ट झाकण. कळ्या अगदी शेवटी टाकायच्या. एकदा गाळून घ्यायचं, त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं उकळायचं आणि दोन्ही एकत्र करायचे." मग ती खदखदून हसली. "म्हणजे इतके दिवस कळ्यांमधलं सगळं वाफेबरोबर गेलं! स्वयंपाकघराची सर्दी बरी झाली असेल तुमच्या."

ऋजुताही हसली. रस्त्यावर आल्यावर मात्र ती मध्येच थांबली आणि माझा दंड धरला.

"काकू! म्हणून चिमी! बाकीचे लेचेपेचे आहेत, ते अर्ध्या काढ्यानेही गेले. चिमीला पूर्ण काढा मिळालाच नाही. तुमच्या अष्टमांशाने वाचवलंय तिला!"

आईच्या पद्धतीने मी लेकीला वाचवलं होतं, चारेक महिने, नकळत. थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे काही बोलावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी ऋजुताने पुडी भिजत घातली. दुपारी तिला लॅबमध्ये मीटिंग होती. तिच्या कराराची मुदत वाढायची की नाही, ते ह्याच कामावर ठरणार होतं, आणि करार नाही तर व्हिसा नाही. "तुम्ही कराल ना? झाकण ठेवून? मी पाचला येऊन नेते."

"करते की. जा तू."

दार लागलं. मी गॅस लावला. काचेचं जड झाकण बाजूला ओट्यावर ठेवलं होतं. उघडं ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं? रंग तोच, वास तोच. बाटली भरून दिली असती, संध्याकाळी ऋजुताने म्हटलं असतं, नाही हो, चिमी खरंच खट आहे. आणि चिमी नव्या इमारतीत गेली असती. मुलीचा करारही कदाचित वाढला असता, विचित्र निकालावरसुद्धा लोक काम करतातच. कुणाचं काय बिघडणार होतं?

मी झाकण उचललं आणि ठेवलं. थोड्या वेळाने वाफ कोंडली आणि कडेच्या फटीतून शिट्टी यायला लागली. बारीक, ओढलेली, मध्येच थांबणारी. मी खुर्चीचा हात धरला. झाकण काढलं की आवाज बंद. पुन्हा ठेवलं, पुन्हा तो. बाहेर अंधारून येत होतं. मी दिवा लावला नाही. तेव्हाही असंच बसले होते, मांडीवर तिला घेऊन, वीज परत यायची वाट बघत. त्या आवाजाचं आपण काही करू शकत नाही हे तेव्हा मला कळत होतं आणि कळत नव्हतं. ज्या बाईच्या मांडीवर आज तो आवाज येत असेल, ती मला ओळखत नाही. मी तिला ओळखत होते. बर्मिंगहॅममध्ये त्या दुपारी अशा किती असतील. हा काढा त्यांच्यापर्यंत कधी पोचेल, पोचेल का, मला ठाऊक नव्हतं. ऋजुतालाही नव्हतं. पण त्यात खोट घालणारा हात माझा नको होता.

झाकण मी काढलं नाही. शेवटपर्यंत बसून ऐकलं. कळ्या टाकायला एकदा उघडलं, तेवढंच. मग चोथ्यात पुन्हा पाणी घातलं आणि पुन्हा ऐकलं.

*

पुढच्या आठवड्यात ऋजुता कोट न काढताच स्वयंपाकघरात आली. गाल लाल झालेले, धापा टाकत.

"काकू, चिमी गेली!"

मी कणीक मळत होते. हॉस्पिटलच्या सिस्टरने मला ते इंग्रजीत सांगितलं होतं, फार हळू आवाजात, आणि मी आधी समजलेच नव्हते. ह्यांनी सांगितलंच नाही, नुसतं माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. आपल्या भाषेत ते दोन शब्द मला कुणी म्हणालं नव्हतं. तेहतीस वर्षांनी कुणीतरी घरात धावत येऊन म्हणालं.

मी खाली बसले. फरशीवरच बसले. कणकेचे हात तसेच वर धरून मी रडले, मोठ्याने, बायका आपल्याकडे रडतात तसं. ऋजुता घाबरून गुडघ्यांवर आली. "काकू, काय झालं? अहो, काय झालं? जयंतदादाला फोन करू का?"

"नको," मी म्हटलं. "त्याला ती माहीत नाही."

मग सांगितलं तिला. सगळं. ती ऐकत गेली तसा तिचा हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी रोज हसत सांगत होते तुम्हाला."

"रोज विचारत कोण होतं?" मी म्हटलं.

दोन दिवस ती सकाळी लवकर जाऊन रात्री उशिरा येत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, तुम्ही लॅबमध्ये चला. फ्रीझरमध्ये ती अजून आहे, पण आता इतरांसारखीच निघाली म्हणून नष्ट करायच्या यादीत गेलीये. बघा तिला. मग तुम्ही म्हणाल तसं. मी एक ट्यूब नव्या फ्रीझरमध्ये नेऊ शकते. लेबल बदलीन. कुणाला कळणार नाही."

*

ह्यांच्या इमारतीत मी पहिल्यांदा गेले ती अशी. मला पांढरा कोट घालायला दिला. निम्म्या खोल्या रिकाम्या, खोकी बांधून ठेवलेली. ह्यांच्या हाताखाली शिकलेली मॉरीन अजून तिथे होती. तंत्रज्ञ म्हणून लागलेली तरुण पोर, आता निवृत्तीला आलेली. ऋजुताने तिला मी कोण ते सांगितलं होतं. चिमी कोण, तेही.

मॉरीनने माझे दोन्ही हात धरले. इथल्या बायका लाडाने 'बॅब' म्हणतात, तसं म्हणाली, "बॅब, आम्हाला वाटायचं ते तुमच्या एखाद्या देवीचं नाव असेल. त्याने कधी सांगितलं नाही. दर रविवारी यायचा. तेव्हा या विषाणूला थंडी सोसायची नाही, गोठवला की मरायचा. जिवंत ठेवायचा तर पुन्हापुन्हा नव्या पेशींवर न्यायला लागे. मी म्हणायची, डॉक्टर, मी करते ना, तुम्ही घरी बायकोजवळ जा. तर म्हणायचा, हिला माझ्या हातची सवय आहे."

स्टूल पुढे केलं तिने.

ऋजुताने सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट ठेवली. काढा न घातलेली. मी एक डोळा मिटून पाहिलं. आधी नुसता उजेड. मग पेशी दिसल्या, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी. आणि मध्ये एका ठिकाणी त्यांच्यामधल्या भिंती विरघळल्या होत्या. पुष्कळ पेशी मिळून एकच मोठी पसरट पेशी झाली होती, कडा थरथरल्यासारख्या.

"ही तिची खूण," ऋजुता हळूच म्हणाली. "पेशींना एकमेकींत मिसळवते. असंच आत, छातीत..." आणि थांबली.

मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. काहीतरी ओळखीचं दिसेल असं वाटलं होतं. चिमीच्या उजव्या कानाजवळ तीळ होता. तिचं डोकं माझ्या कोपरात बसे. मी शोधत होते ते तिथे नव्हतं. ह्यांना दिसत असे का? रविवार रविवार ते इथे बसून काय बघत होते? हे असंच बघत असतील, डोळा लावून, एकटे. घरी मी, इथे ते, आणि मध्ये पन्नास नंबरच्या बसचा रस्ता.

"नेऊ का मी ट्यूब?" ऋजुताने विचारलं.

"नको गं. लेबल बदलू नकोस," मी म्हटलं. "मी तिला कडेवर घेतलेली आहे. ती ही नाही."

हे म्हणताना मला वाटलं होतं तेवढी खात्री नव्हती. तरी म्हटलं. मॉरीनने जाड हातमोजे घालून फ्रीझरमधून पेटी काढली. पांढरा धूर जमिनीवर उतरला. ट्यूब बोटाच्या पेराएवढी. त्यावर ह्यांचं अक्षर, इंग्रजीत, चार-पाच अक्षरं. ती मला हातात घ्यायला देण्याची परवानगी नव्हती, म्हणून मॉरीनने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी मान हलवली. ती इतर ट्यूबांबरोबर पिशवीत गेली, पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये, आणि जाड दार चाकासारखी मूठ फिरवून तिने बंद केलं.

आम्ही तिघी तिथे उभ्या होतो. यंत्र घुमत होतं. मॉरीनला माझं सांत्वन करायचं होतं, आणि तिने ते केलं.

"फार लावून घेऊ नकोस, बॅब. ती काही संपली नाही. गोठवायची युक्ती सापडल्यावर त्याने ती मागेल त्याला दिली. अमेरिका, जपान, स्वीडन. हाँगकाँगलाही आहे. मीच पार्सलं बांधायची. आणि खरं सांगायचं तर फ्रीझरमधली ती एकच फांदी. त्या हिवाळ्यात ती तुमच्या बाळाकडे कुणाकडून तरी आली, आणि आणखी कुणाकुणाकडे गेली. ती घराणी अजून चालू असतील. दर वर्षी येतच असतील कुठे ना कुठे."

ऋजुताने तिला डोळ्यांनी दटावलं. पण ते बोलणं होऊन गेलं होतं.

"हाँगकाँगला," मी म्हटलं, "फार थंडी असते का?"

"उणे ऐंशी," मॉरीन म्हणाली. मग ओशाळली. "म्हणजे, फ्रीझरमध्ये."

परत येताना पन्नास नंबरच्या बसला गर्दी होती. ऋजुताने मला खालीच, पुढच्या बाजूला जागा मिळवून दिली आणि स्वतः दांड्याला धरून उभी राहिली. कॅम्प हिलला एक तरुण मुलगी ढकलगाडी घेऊन चढली, ब्रेक लावून माझ्यासमोर उभी राहिली. गाडीत बाळ, निळ्या टोपीतलं, दोन-तीन महिन्यांचं. नाकाखाली ओल. ते शिंकलं, मग खोकलं, आणि खोकल्यानंतर श्वास आत घेताना बारीक आवाज झाला.

ऋजुताची बोटं दांड्यावर घट्ट झाली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "काकू, पुढच्या स्टॉपला उतरायचं का? चालत जाऊ."

"थांब," मी म्हटलं.

त्या मुलीला मी म्हटलं, हिला आजच डॉक्टरकडे ने, उद्यावर टाकू नकोस. ती म्हणाली, "तिकडेच चाललेय," आणि पांघरूण वर ओढलं. बाळ पुन्हा खोकलं. मी पुढे वाकले, डोळे मिटले आणि ओळख पटते का ते कान देऊन ऐकत राहिले.